हमाम, चंपी आणि शेख दीन मुहम्मद

माझे एक खालाजाद भाऊ वीस वर्षं आखातात नोकरी करून रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतले आणि त्यांनी घर बांधायला काढलं. भिंती उठल्या, स्लॅब पडला, तेव्हा त्यांनी मला वरच्या मजल्यावर नेऊन न्हाणीला लागून असलेली एक खोली दाखवली. सहा बाय पाच फुटांची, खिडकी नसलेली. मला वाटलं अडगळीची असेल. भाईजान म्हणाले, "इथं सॉना बसवायचा आहे."

ते तिकडे एका हॉटेलच्या देखभाल विभागात होते. दुसऱ्यांच्या सॉनाचे हीटर दुरुस्त करण्यात त्यांची उमेद गेली. पाहुण्यांसाठी असलेल्या त्या खोलीत कर्मचाऱ्याने फक्त हत्यारांची पेटी घेऊन जायचं, बाकावर बसायचं नाही, असा तिथला दस्तूर. आता आपल्या घरात आपला एक असावा, एवढीच त्यांची हौस. खालाला मात्र ही कल्पना पसंत नव्हती. कोकणातल्या मे महिन्यात घाम काढायला पैसे कशाला मोजायचे, हा तिचा सवाल रास्तच होता.

भाईजान मला म्हणाले, "तू मास्तर आहेस, इतिहास शिकवतोस. आपला हमाम आणि हा सॉना एकच का? कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

त्याच आठवड्यात नववीच्या वर्गात एका मुलाने मला मोबाइलवर फिरत असलेला एक मजकूर वाचून दाखवला होता. 'शॅम्पूचा शोध एका हिंदुस्तानी मुसलमानाने लावला' असं त्यात म्हटलं होतं. साऱ्या वर्गाला अभिमान वाटला. मी "तपासून सांगतो" म्हणालो, कारण शिक्षकाला दुसरं काही म्हणता येत नाही. तपासायला बसलो तेव्हा भाईजानांचा प्रश्न आणि मुलांचा प्रश्न दोन्ही फिरून फिरून एकाच माणसापाशी येऊन थांबले.

आधी भाईजानांचं उत्तर. सॉना आणि हमाम एक नव्हेत. सॉना फिनलंडचा. लाकडाची खोली, शेगडीवर तापवलेले दगड, त्यांवर अधूनमधून पळीभर पाणी. हवा बहुतेक कोरडी असते, त्यामुळे अंगावरचा घाम लगेच उडून जातो आणि ८० ते १०० अंश सेल्सिअसची हवासुद्धा माणसाला काही मिनिटं सोसते. वाफेच्या खोलीत हवा आधीच पाण्याने भरलेली असते, घामाला उडायला वाव नसतो, म्हणून तिथे ४५ अंशांच्या आसपासच जीव कासावीस होतो. हमाम या दोहोंच्या मधला. त्याची फरशी आणि भिंती खालून, आतून तापवतात आणि तिथे वाहत्या पाण्याला मोठं स्थान असतं. रोमन लोकांनी फरशीखाली पोकळी ठेवून तिच्यातून गरम हवा खेळवण्याची युक्ती काढली होती. शाम आणि त्याच्या आसपासचा मुलूख मुसलमानांच्या हाती आला तेव्हा ती त्यांनी उचलली आणि आपल्या तहारतीच्या कल्पनेप्रमाणे बदलून घेतली. जॉर्डनमधलं कुसैर अमरा हे उमय्या काळातलं, आठव्या शतकातलं छोटेखानी स्नानगृह आजही उभं आहे.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. भुसावळहून रेल्वेने बुऱ्हाणपूर फार दूर नाही. एका वर्षी आम्ही शाळेची सहल तिथे नेली होती. तापीच्या काठावरच्या शाही किल्ल्यात मुघलांचा हमाम आहे. छतावरची चित्रं पुसट झालेली, तरी रंग ओळखू येतात. मुमताज महलसाठी शाहजहानने तो सजवला असं सांगतात. याच शहरात १७ जून १६३१ रोजी तिचं बाळंतपणात निधन झालं. मुलांना मात्र त्या कहाणीपेक्षा पाण्याच्या वाटा पाहण्यात रस होता. पाणी कुठून यायचं, तापायचं कुठे, जायचं कुठे? हमाम समजून घ्यायचा तर हेच विचारायला हवं. त्यातला संगमरवर शेवटी येतो. आधी येतो पाण्याचा पुरवठा, जळण आणि आग राखणारा नोकर. म्हणूनच बराच काळ हमाम एक तर बादशहाच्या महालात असे किंवा साऱ्या शहराचा मिळून असे. एकट्यादुकट्या गृहस्थाला तो परवडण्यातला नव्हता.

फिनलंडमध्ये नेमकं उलट झालं. तिथे लाकूड मुबलक आणि खोली छोटी, त्यामुळे सॉना शेतकऱ्याच्या अंगणात आला. नवी वस्ती करताना पुष्कळदा आधी सॉना बांधत आणि घर पुरं होईपर्यंत त्यातच राहत. बायका तिथे बाळंत होत आणि मयताला आंघोळही तिथेच घालत. १९३०च्या दशकात विजेवर चालणारी शेगडी आली आणि सॉना शहरातल्या सदनिकेतही शिरला. आज सुमारे ५५ लाख लोकसंख्येच्या त्या देशात ३० लाखांच्या घरात सॉना आहेत. २०२० मध्ये युनेस्कोने तिथल्या सॉना संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. फिनलंडचं पुराण इथेच थांबवतो, कारण आपला माणूस तिथला नाही.

आपला माणूस पाटण्याचा. दीन मुहम्मद यांचा जन्म १७५९ चा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत होते आणि मुलगा दहा-अकरा वर्षांचा असतानाच ते मारले गेले. गॉडफ्रे बेकर नावाच्या आयरिश अधिकाऱ्याने या मुलाला आपल्या पदरी घेतलं. फौजेबरोबर फिरत तो सुभेदारीपर्यंत पोहोचला. बेकरने नोकरी सोडली तेव्हा हा तरुणही त्याच्यासोबत निघाला आणि १७८४ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरी उतरला. तिथे त्याने जेन डेली या मुलीशी लग्न केलं. १७९४ मध्ये कॉर्कमध्येच त्यांच्या प्रवासवर्णनाचे दोन खंड प्रसिद्ध झाले. इंग्रजीत पुस्तक लिहून छापणारे ते पहिले हिंदुस्तानी. मुलांना अभिमानच बाळगायचा असेल तर या गोष्टीचा बाळगावा, शॅम्पूपेक्षा ही कितीतरी भक्कम आहे. पण मोबाइलवरच्या त्या मजकुरात हिचा उल्लेख नव्हता.

१८०७ च्या सुमारास ते बायकामुलांसह लंडनला आले आणि पोर्टमन स्क्वेअरमधल्या बेसिल कॉक्रेन यांच्या घरी नोकरीस लागले. कॉक्रेनसाहेब स्कॉटिश उमराव घराण्यातले. मद्रासकडे इंग्रजी आरमाराला रसद पुरवण्याच्या कंत्राटावर त्यांनी अमाप पैसा केला होता. हिंदुस्तानातून गबर होऊन परतलेल्या अशा इंग्रजांना तिकडचे लोक थट्टेने 'नबाब' म्हणत. या नबाबाने आपल्या राहत्या घरात वाफेच्या स्नानाची यंत्रणा बसवली, तिच्यावर रुग्णांना उपचार देऊ केले आणि १८०९ मध्ये तिच्याविषयी पुस्तकही छापलं. वाफ देण्याच्या पद्धतीत आणि तिच्या उपकरणांत आपण काय सुधारणा केली, हाच त्या पुस्तकाचा विषय आहे. घरी असं काही बसवणाऱ्या हौशी माणसाचं लक्ष यंत्रावर असतं. आमचे भाईजानही हीटरचा कॅटलॉग उशाशी घेऊन झोपत होते.

दीन मुहम्मद यांनी या यंत्राला जोड दिली ती हाताची. वाफेने शिथिल झालेलं अंग दाबायचं, रगडायचं, सांधे मोकळे करायचे. आपल्याकडे यात नवल काही नाही. हिंदीत चाँपना म्हणतात, त्यावरून चंपी झालं. मराठीत आपण पाय चेपतो. घराघरात नातवंडं आजीचे पाय चेपतात आणि त्याबद्दल कुणाला पदवी मिळत नाही. इंग्रजांनी याच शब्दाचं 'शॅम्पू' केलं. हा शब्द इंग्रजी छापील मजकुरात १७६२ पासून सापडतो, म्हणजे दीन मुहम्मद तेव्हा तीन वर्षांचे होते. तो शब्द त्यांनी इंग्लंडला नेला असं म्हणता येत नाही. त्या काळी शॅम्पू म्हणजे अंग चेपणं. केस धुणं हा अर्थ त्याला १८६० च्या सुमारास चिकटला, तोवर दीन मुहम्मद जाऊन नऊ वर्षं झाली होती. थोडक्यात, बाटलीतल्या शॅम्पूचा आणि त्यांचा काही संबंध नाही. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलं हिरमुसली. एकाने विचारलं, "मग सर, त्यांनी केलं तरी काय?"

त्यांनी जे केलं ते सोपं नव्हतं. कॉक्रेन यांच्याकडची नोकरी सोडून १८१० मध्ये त्यांनी पोर्टमन स्क्वेअरजवळच 'हिंदोस्तानी कॉफी हाउस' काढलं. हुक्का, वेताच्या बैठका, हिंदुस्तानी जेवण असा थाट होता. ज्या निवृत्त नबाबांच्या भरवशावर ते काढलं, त्यांच्या घरी आपापले खानसामे होतेच. १८१२ मध्ये दीन मुहम्मद यांचं दिवाळं निघालं. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी त्यांनी नोकरीसाठी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. हिंदुस्तानातली पहिली ओळख पुसून पंचवीस-तीस वर्षं झालेली, नवा देश अजून आपला म्हणायला तयार नाही आणि घरात खाणारी तोंडं. आखातातून रिकाम्या हाताने परतलेली माणसं आपण पाहतो, त्यांना हा काळ निराळा समजावून सांगायला नको.

१८१४ मध्ये ते ब्रायटनला गेले. हे समुद्रकाठचं गाव युवराज जॉर्जच्या कृपेमुळे भरभराटीला आलं होतं. श्रीमंत आजारी लोक समुद्रस्नानासाठी तिथे येत. दीन मुहम्मद यांनी आधी एका लहान स्नानगृहात काम सुरू केलं. दंतमंजन आणि केसांचा कलपही विकून पाहिला. पुढे १८२१ मध्ये समुद्रासमोरच्या किंग्ज रोडवर 'मोहमेड्स बाथ्स' ही त्यांची देखणी इमारत उभी राहिली.

तिथला उपचार असा असे. रुग्णाला वनस्पती टाकलेल्या वाफेत बसवत. त्याच्याभोवती फ्लॅनेलच्या कापडाचा छोटा तंबू असे आणि त्या तंबूला बाह्या शिवलेल्या असत. घाम भरपूर सुटला की चेपणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांत हात घालायचा आणि आतल्या माणसाचं अंग रगडायचा. वाफ बाहेर जात नसे, रुग्णाचा संकोचही राहत असे. मला या बाह्यांनी फार विचार करायला लावलं. आत साहेब बसलेला, बाहेर पाटण्याचा माणूस, मध्ये कापड. साहेबाला फक्त हात जाणवतात, चेहरा दिसत नाही.

बायकांच्या विभागाची देखरेख जेन करत. दर्शनी भागात बऱ्या झालेल्या रुग्णांनी सोडून दिलेल्या कुबड्या मांडून ठेवलेल्या असत. याहून चांगली जाहिरात कोणती? १८२२ मध्ये त्यांनी या स्नानाच्या फायद्यांवर पुस्तक काढलं, त्याच्या पुढेही आवृत्त्या निघाल्या. चौथ्या जॉर्जने आणि त्याच्यामागून चौथ्या विल्यमने त्यांना राजाचे 'शॅम्पूइंग सर्जन' नेमलं. राजाच्या ब्रायटनमधल्या पॅव्हिलियनमध्येही वाफेच्या स्नानाची सोय होती. म्हणजे ज्या मुलाचा बाप कंपनीच्या चाकरीत मेला, त्याचे हात इंग्लंडच्या राजाच्या खांद्यांपर्यंत पोहोचले.

इथपर्यंत आलं की आपल्याकडचे लेख सहसा थांबतात. मला थांबता येत नाही, कारण याच पुस्तकात एक गोम आहे. त्यात दीन मुहम्मद यांनी आपला जन्म १७४९ चा सांगितला, म्हणजे चक्क दहा वर्षं आधीचा आणि ती वाढीव वर्षं आपण वैद्यकी शिकण्यात घालवली असं सुचवलं. आधीच्या प्रवासवर्णनात असं काही नाही. अमेरिकन इतिहासकार मायकेल फिशर यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात हे सारं ताडून पाहिलं आहे. त्याआधी रोझिना विस्राम यांनी १९८६ मध्ये ब्रिटनमधल्या हिंदी आया, खलाशी आणि नोकरचाकरांचा इतिहास लिहिताना त्यांची दखल घेतली होती. अशा अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं चाळली नसती, तर आज आपल्या हाती फक्त मोबाइलवरचा मजकूर उरला असता.

मी त्यांना खोटारडं म्हणायला धजत नाही. अंग चेपणाऱ्या हिंदुस्तान्याला त्या समाजात नोकर म्हणत. 'सर्जन' म्हणवून घ्यायचं तर शिक्षणाची सनद लागे, ती त्यांच्याकडे नव्हती. मग त्यांनी वयाची दहा वर्षं वाढवून ती सनद स्वतःच तयार केली. चूक ती चूकच. पण कुणी का केली, हे मुलांना सांगितल्याशिवाय नुसतं 'चूक' म्हणून लाल शाई फिरवणं मला जमत नाही.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. आयर्लंडमध्ये त्यांनी अँग्लिकन पंथ स्वीकारला. मुलांचे बाप्तिस्मे चर्चमध्ये झाले, त्यांचं स्वतःचं दफनही ब्रायटनच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारातलं. मग त्यांना 'आपला' म्हणायचं की नाही, असा प्रश्न आमच्या शिक्षकांच्या खोलीत निघाला आणि मधली सुट्टी त्यात संपली. माझ्यापुरतं मी एवढंच पाहिलं की या माणसाने पन्नास वर्षांहून जास्त काळ परमुलखात मुहम्मद हे नाव सोडलं नाही. स्नानगृहावर तेच लावलं, मुलांनाही तेच दिलं. 'साके' म्हणून इंग्रज जे लिहितात तो आपला 'शेख'च. नाव बदलून धंदा कदाचित सोपा झाला असता. उलट हेही खरं की त्या नावात परदेशी जादू वाटावी, म्हणूनही ते ठेवलेलं असेल. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात असू शकतात.

शेवटचा काळ चांगला गेला नाही. १८४१ मध्ये ज्याच्या भांडवलावर इमारत उभी होती तो भागीदार वारला आणि ती लिलावात निघाली. विकत घेण्याइतका पैसा दीन मुहम्मद यांच्यापाशी नव्हता. तिच्यावर वीस वर्षं त्यांचं नाव होतं, मालकी मात्र दुसऱ्याची. ते लहान जागेत गेले आणि काम चालू ठेवलं. १८५० च्या अखेरीस जेन गेल्या आणि दोनच महिन्यांत, २४ फेब्रुवारी १८५१ रोजी तेही गेले. इमारतीच्या जागी आता हॉटेल आहे. त्यांचा नातू फ्रेडरिक अकबर मोहमेड लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर झाला. रक्तदाब वाढण्याचा विकार मूत्रपिंड बिघडण्याच्या आधीही असू शकतो, हे दाखवणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्याची गणना होते. टायफॉइडने तो १८८४ मध्ये पस्तिशीतच वारला. आजोबांनी कल्पनेने मिळवलेली वैद्यकी नातवाने परीक्षा देऊन मिळवली.

त्यानंतर इंग्रजांना वाफेपेक्षा कोरडी उष्ण हवा भावली. डेव्हिड अर्कहार्ट या स्कॉटिश मुत्सद्द्याने तुर्कस्तानात हमाम अनुभवला होता आणि १८५० मध्ये आपल्या प्रवासवर्णनात त्याची थोरवी गायली. ते वाचून रिचर्ड बार्टर या डॉक्टरने १८५६ मध्ये ब्लार्नी इथे 'टर्किश बाथ' बांधला. ब्लार्नी कॉर्कपासून काही मैलांवर आहे. दीन मुहम्मद जिथे प्रथम उतरले, त्याच कॉर्कच्या पंचक्रोशीत त्यांच्या मागे पाच वर्षांनी दुसरा हमाम उभा राहिला. पहिल्या प्रयत्नात हवा फार ओली राहिली आणि उष्णता हवी तेवढी चढवता येईना. मग बार्टरने जुन्या रोमन पद्धतीने हवा तापवून आत सोडली. १८६२ मध्ये लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवर 'हमाम' याच नावाने मोठं स्नानगृह उघडलं. ते १९४१ च्या बाँबवर्षावात नष्ट झालं. हिंदुस्तानी वाफ मागे पडून तुर्की हवा आली आणि हात चेपणाऱ्याचं नाव लोक विसरले.

हे सगळं मी भाईजानांना सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी कोरडा घेऊ की ओला?" कोकणच्या दमट हवेत वाफेची खोली बांधली तर वर्षभर भिंतींना बुरशी धरेल, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं. कोरडाच ठरला. छत मुद्दाम सात फुटांवर घेतलं, कारण उष्णता वर जाते आणि उंच छताखाली ती बसणाऱ्याच्या डोक्यावर वाया जाते. खोलीचं घनफळ दोनशे दहा घनफूट भरलं. एका किलोवॅटला साधारण पन्नास घनफूट या हिशेबाने साडेचार किलोवॅटचा हीटर लागला. हा भार दोन गीझरांपेक्षा जास्त, म्हणून मीटरपासून वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग. भिंतीत रॉकवूल, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, मग फळ्या. गावातला सुतार हट्टाने पॉलिश मारायला निघाला होता. तापल्यावर त्याचा धूर नाकातोंडात जाईल म्हणून भाईजानांनी त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला. हवा आत यायला हीटरखाली भोक, बाहेर जायला समोरच्या भिंतीत. दार बाहेर उघडणारं आणि त्याला कडी नाही, आत कुणाला भोवळ आली तर धक्क्याने उघडावं म्हणून. खालाला रक्तदाब आहे, तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत पाऊल ठेवायचं नाही असं ठरलं. तिचा तसाही इरादा नव्हता.

हीटर पहिल्यांदा लावला त्या रविवारी मी तिथे होतो. भाईजान आत जाऊन वरच्या बाकावर बसले, पाय पसरून, अगदी पाहुण्यासारखे. माझ्या गोष्टीचा परिणाम म्हणा, त्यांनी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या हज्जामालाही चंपीसाठी बोलावून ठेवलं होतं. त्याने दार जरा किलकिलं करून आत डोकावून पाहिलं आणि चटकन मागे झाला.

"भाईजान, मी काही आत येत नाही," तो म्हणाला. "तुम्ही डोकं दाराशी आणा, मी बाहेरून चेपतो."